नेवेनाचे ठोके

"तिला थांबवा," वेला म्हणाली. "विनवायला नाही आले मी, सांगायला आलेय."

रुमेना दारात उभी राहून ऐकत होती. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या त्या संशोधन संस्थेत पेशी जगवणे हेच तिचे काम. रोज त्यांना ऊब द्यायची, त्यांचे खाद्य बदलायचे. ईस्टरलाही ताटावरून उठून ती इथे यायची. नवरा चिडवायचा, "बयो, एवढं माझ्याकडे बघितलं असतंस तर!" पण पेशींच्या काचेच्या बशीवर कधी नाव नसायचे, नुसता क्रमांक असायचा. आज त्यातल्याच एका क्रमांकाची आई समोर बसली होती, काळ्या रुमालाने डोके बांधून.

वेलाची लेक नेवेना एकोणीस वर्षांची असताना एका लग्नाच्या नाचात कोसळली, ती गेलीच. तिचे हृदय जन्मापासूनच अधू होते. त्याआधी इस्पितळात तिच्या त्वचेचा कण घेतला होता. त्या कणापासून इथे हृदयाच्या पेशी वाढवल्या, आणि त्या बशीत धडधडू लागल्या. ते संशोधन इंटरनेटवर सगळ्यांना खुले झाले. गावच्या मास्तरांनी ते वाचले. रोडोपी डोंगरातली मुलगी, नाचताना गेलेली. दुसरी कोण असणार? ते धावत वेलाकडे गेले.

"या पेशींवर औषध सापडलं तर उद्या कुणाची तरी लेक वाचेल," प्राध्यापक गेरगोव्ह हळू आवाजात म्हणाले. "तरी हक्क तुमचाच आहे, वेलाबाई. तुम्ही म्हणाल तसं करू."

"ते कळतं हो मला. त्वचा घेताना सही मीच केली होती ना? पण ती रोज स्वप्नात येते, दारात उभी राहते. म्हणते, आई, मला बसू तरी दे. मातीत जाऊन सात वर्षं झाली, अजून नाचतेच आहे माझी पोर."

वेला रुमेनाकडे वळली. तिने विचारले, "सगळ्याच धडधडतात?"

"नाही," रुमेना म्हणाली. "बाकीच्या गोठवून ठेवल्यात."

"म्हणजे झोपल्यात."

"हो."

"मग त्या राहू देत, दुसऱ्यांच्या लेकींसाठी. जागी आहे तेवढी निजवा. आणि त्या झोपलेल्यांना कधी उठवाल का?"

रुमेनाला खोटे बोलता आले असते. "उठवू, ताई. लागतील तेव्हा."

वेलाने मान डोलावली. "तर मग उठवताना नावानं हाक मारा. नेवेना म्हणा. नाहीतर ती दचकून उठायची."

रुमेनाने उबदार कपाटातून बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वेला वाकली. बराच वेळ ती भिंगातून पाहत राहिली. बाहेरच्या हवेत बशी गार होत गेली.

"हळू झाली," वेला पुटपुटली. मग म्हणाली, "थांबली."

डोळे न पुसताच ती उठली. पिशवीतून तिने गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तसल्या, साखर आणि अक्रोड घालून शिजवलेल्या गव्हाचा डबा काढला आणि रुमेनाच्या टेबलावर ठेवला. "देव तिला क्षमा करो," एवढेच म्हणून ती निघाली. गेरगोव्ह तिला पोचवायला फाटकापर्यंत गेले.

नियमाप्रमाणे बशीत आता पेशी मारणारे जंतुनाशक ओतायचे होते. रुमेनाने ती तळहातावर घेतली. कशासाठी कोण जाणे, तिने पुन्हा एकदा भिंगातून पाहिले.

हाताच्या उबेने एका कडेला ठोका सुरू झाला होता. एक. मग थांबून आणखी एक.

ती खिडकीकडे धावली. खाली बसथांब्यावर वेला उभी होती, पाठ सरळ, रिकामी पिशवी दोन्ही हातांनी धरून. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. रुमेनाने हाक मारली नाही. बस आली, वेला चढली, बस वळणाआड गेली.

मग रुमेना बशीवर वाकली आणि झोपेतल्या पोरीला सांगावे तशी म्हणाली, "नेवेना, नीज आता."

आणि तिने ओतले.

हातमोजे काढून तिने हात धुतले, बराच वेळ धुतले. मग डबा उघडून चमचाभर गहू उभ्यानेच खाल्ले, एक दाणाही न सांडता.