तापी तुफानची डावी बाजू

"देठ मजबूत शे," असं म्हणून हुकमीचंद शेठनी मोबाइलमधल्या पोराच्या घोट्यावर बोट ठेवलं. बोट लागताच पोरगा गायब झाला आणि तिथे टायरची जाहिरात आली.

"गया," गोणी शिवता शिवता इद्रिस म्हणाला.

"जाई कोठे? पहिली निवड आपली शे."

रनाळ्याच्या रस्त्याला शेठची पथारी होती. पथारी म्हणजे चार एकर मोकळी जमीन आणि तिच्यावर वाळत घातलेली लाल मिरची. नवा माणूस इथे आला की आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. दुकान आता मुलगा पुनीत बघत असे. त्याने वडिलांना मोठ्या सन्मानाने निवृत्त केलं होतं, म्हणजे गल्ल्याची किल्ली काढून घेतली आणि पथारीवर बसायला खुर्ची दिली. दुपारचं ऊन चढलं होतं. शेठच्या डोक्यावर तापी तुफान क्लबची पिवळी टोपी होती. ती घालून देवळात जाऊ नये, एवढंच त्यांच्या बायकोचं, सज्जनबाईंचं म्हणणं होतं.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत फुटबॉल गोल असतो, याच्यापलीकडे शेठना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मग दोधूच्या नवलसिंगला तापी तुफानने घेतलं. दोधू या पथारीवर मिरची उलथत म्हातारा झालेला माणूस. पथारीचा पोरगा टीममध्ये गेला, म्हणजे टीम पथारीची झाली. शेठनी त्या दिवसापासून जो खेळ पाहायला घेतला, तो पुन्हा सोडला नाही. खेळाडू पारखायची त्यांची रीत मात्र बाजारातलीच राहिली. ओल्या मिरचीचा रंग बघून जो भाव करतो तो बुडतो. वाळल्यावर काय उरेल ते बघायचं. गेल्या साली क्लबने गाजावाजा करून आणलेल्या स्ट्रायकरला त्यांनी पहिल्याच सामन्यात निकाली काढलं होतं. "निस्ता रंग शे. तिखट काहीच नही."

दर साली खेळाडूंची निवड संपली की नवलसिंगचा फोन यायचा. "काका, यंदा माल कसा शे?" मग शेठ गोलकीपरपासून सुरू करायचे. क्लबचा कोच त्यांचं ऐकायचा की नाही, हे कधी कळलं नाही. नवलसिंग शेवटपर्यंत ऐकायचा.

यंदा तापी तुफान तळाला गेली होती. या लीगमध्ये बोली लागत नाही, एकेक क्लब आपापल्या पाळीला एकेक नाव उचलतो. त्यात जो शेवटचा आला, त्याची पाळी पहिली. शेठना ही पद्धत फार आवडली होती. "नापासले पहिला नंबर. बोलीबी नही. आपला बाजारमा अशी सोय ऱ्हाती तर मी कव्हयना मोठा व्हतू."

तळाला जायचं कारणही त्यांनी सालभर पथारीवर बसून सांगितलं होतं. "डावीकडून गळती शे. डावीकडे ताजा माल पाहिजे." ते नेहमी 'डावीकडे' म्हणायचे. जणू डावी ही नुसती दिशा आहे आणि तिथे कुणी उभंच नाही.

तिथे नवलसिंग उभा होता.

जाहिरात संपली. कोट घातलेली बाई चिठ्ठी उघडून म्हणाली की तापी तुफानची पहिली निवड लालरेमा, वय एकोणीस, मिझोराम, डावा बचावपटू. फोटो मघाच्याच पोराचा होता.

शेठ उभे राहिले, खुर्ची मागे पडली. "मी काय सांगेल व्हतं? सालभर काय सांगी ऱ्हायन्तू? क्लबमा एक तरी डोकावाला शे!" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. पथारीच्या पलीकडच्या टोकाच्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. कुणाला तरी मुलगा झाला असावा, असा त्यांचा समज झाला.

"शेठजी," इद्रिस म्हणाला, "डावीकडे तर आपला नवलसिंग शे ना?"

गोणीतला दाभण तिथेच राहिला. थोड्या अंतरावर दोधूचं दाताळ मात्र थांबलं नाही. मिरचीचा एक पट्टा उलथून तो दुसऱ्या पट्ट्याला लागला.

"डावीकडे दोन लागतस," शेठ खुर्ची उचलत म्हणाले. "एक खेळस. एक बठस."

बाई त्याच हसऱ्या चेहऱ्याने पुढे सांगत होती. तापी तुफानने तीन अनुभवी खेळाडूंना मोकळं केलं असून आजच्या निवडीत त्यांना कोणताही क्लब घेऊ शकतो. तिसरा फोटो नवलसिंगचा होता, नऊ वर्षांपूर्वीचा. त्यात केस भरपूर होते.

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वय चौतीस, गुडघ्याचं एक ऑपरेशन झालेलं. आज कुणी उचललं तर आणखी एक साल. नाही उचललं तर खेळ संपला.

शेठ खाली बसले. घटकाभराने त्यांच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून इद्रिसने दाभण बाजूला ठेवला.

"भोपाळ चांगली टीम शे."

भोपाळच्या क्लबला शेठ नऊ वर्षं 'भेसळ' म्हणत आले होते.

"काल तर भेसळ व्हती," इद्रिस म्हणाला.

"काल वाळेल नव्हती. त्यासनी डावी बाजू उघडी शे. समजदार लोके शेतस, अनुभवी मानूस लेतीन. देख तू."

मग ती दुपार मोठी अवघड गेली. तापी तुफान एकामागून एक सुरेख निवड करत होती. मधल्या फळीला खांबासारखा एक केरळी गडी आला, पुढे मणिपूरचा चपळ पोरगा आला. प्रत्येक नावाला शेठ खुर्चीतून अर्धे उठायचे, "वा रे गडी" म्हणायचे, मग दोधूकडे बघून बसायचे. लगेच दुसऱ्या क्लबची पाळी आली की हात जोडायचे. एकाच माणसाला एकाच वेळी लग्नातही जायचं असावं आणि दवाखान्यातही, तशी त्यांची अवस्था झाली. दोधूला दोनदा हाक मारली, "ये ना, देख ना." तो म्हणाला, "आठे उन्ह शे तवर उलथी लेस." त्याने बांधावर फडक्याची एक गाठोडी ठेवली होती. उलथता उलथता मनासारखी देशी मिरची दिसली की वाकून तो ती तिच्यात टाकायचा, घरच्या वाफ्याच्या बियाण्यासाठी. शेठ त्यावरून त्याची रोज थट्टा करायचे, "दोधू, मन्हा मालनी मलई काढी ऱ्हायना रे." आज केली नाही.

भोपाळने गोलकीपर घेतला.

"तीन गोलकीपर शेतस त्यासनाकडे!" शेठ ओरडले. "लोनचं टाकतस का?"

"भेसळ," इद्रिस म्हणाला.

"चूप बठ. आजून एक फेरी शे."

शेवटच्या फेरीत शेवटची पाळी भोपाळचीच होती. शेठनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. मोबाइलच्या मागे दाबायला कुठलंच बटण नसताना इद्रिसनेही तिथे हात लावून धरला. टेबलावरच्या चार कोटवाल्यांनी डोकी एकत्र केली, पाणी प्यायलं आणि मान हलवली. भोपाळला आणखी कुणी नको होतं. बाईने प्रायोजकांचे आभार मानले.

पथारीवर वाळलेल्या मिरचीचा खळखळ आवाज तेवढा येत राहिला.

फोन वाजला. नवलसिंग. शेठनी मोबाइल गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसले.

"उचला," इद्रिस म्हणाला. "दरसाल उचलतस."

"काका, राम राम. देखं ना? यंदा माल कसा शे?" आवाज नेहमीचाच होता.

"बरा शे. चालस."

"डावीकडला पोऱ्या?"

चांगल्या मालाला नावं ठेवणं हा शेठचा जन्माचा धंदा. समोरच्याची मिरची पहिल्या नंबरची असली की ते हटकून नाक मुरडत, आणि त्यात त्यांचा कायम फायदा झाला. आज फायदा काहीच नव्हता.

"निस्ता रंग शे," शेठ म्हणाले. "पाय बारीक, देठ कच्चं. दोन म्हैनामा रंग उडी जाई, लिखी ठेव. माले इचारशी तर क्लबनी माती खादी."

इद्रिस आभाळाकडे बघायला लागला.

पलीकडे नवलसिंग हसला. "काका, मी पथारीवर वाढेल शे. तुम्ही मालले इतलं नाव ठेवतस, तव्हय माल एक नंबर ऱ्हास."

शेठनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"कॅम्पमा मन्हासंगे व्हता तो. मीच कोचले सांगं, हाऊ पोऱ्या सोडू नका. मन्हा गुडघा आते ऐकस नही. डावीकडून गळती व्हती, काका. तुम्हीच सालभर म्हनी ऱ्हायन्तात ना."

"तुले कोनी सांगं?"

"बाबानी. रोज सांजले फोन करे. शेठ काय म्हनतस, समदं सांगे."

शेठनी दोधूकडे पाहिलं. सालभर ज्याने एक अक्षर उलट बोलून दाखवलं नव्हतं, तो पाठमोरा होऊन दाताळ ओढत होता.

"भोपाळवाला लेतीन असं वाटे जरासं," नवलसिंग म्हणाला. "जाऊ द्या. बाबाले द्या ना."

दोधू आला. मिरचीचे हात त्याने धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि शेठचा मोबाइल दोन बोटांत धरून कानापासून लांबच ठेवला.

"जेवना का?" त्याने विचारलं. बराच वेळ ऐकलं. "मंग ये घर," म्हणाला आणि मोबाइल परत देऊन कामाला गेला.

शेठ उठले. पथारीच्या कडेला त्यांनी जोडे काढले आणि मिरचीत उतरले. मालक कधी आत उतरत नसे, म्हणून बाया पुन्हा बघायला लागल्या. वाकून शेठनी एक उचलली, टाकली. दुसरी उचलली, टाकली. बऱ्याच वेळाने एक लांबट, गर्द, पुरती वाळलेली सापडली. कानाशी हलवली. आतलं बी वाजलं. बांधावरच्या गाठोडीत ती टाकून ते खुर्चीवर जाऊन बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

ऊन उतरल्यावर दोधू गाठोडी घ्यायला आला. त्याने ती मिरची बाहेर काढली, कानाशी धरून हलवली, देठ दाबून पाहिलं. मग परत आत ठेवली आणि गाठ मारली.