केशरबाईंचं खातं

"अंगठा लावते की," केशरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात टेबलावर ठेवला. "मी समोर बसलेली हाय. माजं खातं मलाच काहून उघडून न्हाई राहिलं?"

परमेश्वर कॉम्प्युटरच्या पडद्याकडेच बघत राहिला. "मावशी, अंगठ्याचं काम नाही ते."

सेनगावातली ही संस्था गावरान बियाणं जपणाऱ्या बायकांची. परमेश्वर तिथला कॉम्प्युटरवाला. संस्थेच्या वेबसाइटवर प्रत्येक बाईचं खातं होतं. त्यात तिच्याकडची वाणं, तिच्याच आवाजात पेरणीची रीत आणि लांबलांबून बियाणं मागणाऱ्यांचे निरोप. साखरा गावच्या केशरबाईंचं खातं सगळ्यांत भरलेलं. पिवळी ज्वारी, वाळूक, अंबाडी, कारळ. त्या बोलायच्या आणि त्यांची सून शिला फोनवरून ते चढवायची. निरोपांना उत्तरंही तीच द्यायची.

मागच्या हिवाळ्यात संस्थेनं लॉगिन बदललं. ओटीपी बंद, ब्लॉकचेन वॉलेट सुरू. वॉलेट म्हणजे बाईच्या फोनातच राहणारी किल्ली. खातं तिनंच उघडणार, संस्थेलासुद्धा ते उघडता येणार नाही. बियाणं जिचं, किल्ली तिची. ही रचना परमेश्वरनं एकट्यानं केली होती. संस्थेच्या मेळाव्यात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या तेव्हा त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. फोन बिघडला तर एकच उपाय होता. वॉलेट बनवताना पडद्यावर बारा शब्द येतात, ते उतरवून ठेवायचे. ते पुन्हा फोनात भरले की किल्ली परत मिळते.

केशरबाईंचा फोन गुरांच्या हौदात पडला होता. दुकानदारानं सगळं पुसून तो पुन्हा चालू करून दिला. किल्ली गेली ती गेलीच.

"बारा शब्द कुठे ठेवलेत?" परमेश्वरनं विचारलं.

केशरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रखमाजींनी सुनेकडे पाहिलं. शिला दाराशी उभी होती. तिनं परमेश्वरकडे पाहिलं.

त्याला वॉलेट बनवले तो दिवस आठवला. साखऱ्याच्या समाजमंदिरात बायका ओळीनं बसल्या होत्या. शब्द इंग्रजी, उतरवायला वेळ लागत होता, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. शिलानं विचारलं होतं, "सर, हे लिहून घ्यावं लागंल का?" तो म्हणाला होता, "नंतर सांगतो." आणि तिच्या हातातल्या फोनवरचं 'नंतर' हे बटण त्यानं स्वतःच्या बोटानं दाबलं होतं. ते बटणही त्याचंच. शब्द न उतरवता पुढे जायची वाट त्यानंच ठेवली होती, कामं पटापट उरकावीत म्हणून.

आत्ता संस्थेच्या प्रमुख राधिकाताई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या.

"शब्द जपून ठेवायला सांगितलं होतं सगळ्यांना," परमेश्वर म्हणाला.

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी त्याला ते मागे घ्यावंसं वाटलं. पण राधिकाताईंनी मान डोलावली होती.

"तुज्या हाती दिलं व्हतं ना समदं?" रखमाजी सुनेला म्हणाले. आवाज चढवला नाही. "शिकलेली म्हनून दिलं."

पदर सारखा करून शिला बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

परमेश्वरनं केशरबाईंना नवं खातं काढून दिलं. बारा शब्द स्वतः लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रखमाजींच्या हाती दिले. नव्या खात्यात नाव उमटलं आणि खाली ओळ आली, 'नवीन सदस्य'. केशरबाईंनी ती त्याच्याकडून वाचून घेतली. "नवीन," त्या म्हणाल्या, आणि किंचित हसल्या.

पेरणीचे दिवस जवळ आले तशी लोकांना ठाऊक असलेल्या जुन्याच खात्यात निरोपांची रीघ लागली. निरोप आल्याचं परमेश्वरला आपल्या पडद्यावर कळे, पण आत काय आहे ते वाचता येत नसे. कुणी वाळूक मागत असेल, कुणी ज्वारी. उत्तर येत नाही म्हणून कुणी केशरबाईंना मगरूर म्हणत असेल. जेवताना तो ताटावरून अर्ध्यातच उठे. बायको प्रियंका विचारी, "काय झालं?" तो म्हणे, "काही नाही, उकडतंय."

एका रविवारी त्यानं मोटरसायकल काढली आणि साखरा गाठलं.

रखमाजींनी बाज टाकली. फोन आता त्यांच्या बंडीच्या खिशात होता, दोरी लावून गळ्यात अडकवलेला.

"मामा, चूक शिलाताईंची नाही," परमेश्वर बसल्या बसल्या म्हणाला. "शब्द मीच लिहू दिले नाहीत. त्या विचारत होत्या. मीच बटण दाबून पुढे गेलो, आणि ऑफिसात खोटं बोललो."

रखमाजींचे डोळे पाणावले.

"पोरीला बोल लागू नये म्हनून इतक्या दुरून आले तुमी," ते म्हणाले आणि उंबऱ्यात बसलेल्या केशरबाईंकडे वळले. "ऐकलं का गं? सरांनी समदं आपल्या अंगावर घेतलं. अशी मानसं न्हाई राहिली आता."

"मामा, तसं नाही. खरंच सांगतोय मी."

"व्हय, व्हय. आमाला समजतं."

शिला चहा घेऊन आली. परमेश्वर घाईनं म्हणाला, "शिलाताई, तुम्हीच सांगा. त्या दिवशी समाजमंदिरात मी काय म्हणालो होतो?"

दोघं सासू-सासरे तिच्याकडे बघायला लागले. तिनं कपबशी त्याच्यासमोर ठेवली.

"मला आठवंना, सर," ती म्हणाली. आणि ऑफिसातल्या त्या दिवसानंतर प्रथमच तिनं त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, अगदी शांतपणे.

चहा कसातरी संपला. केशरबाईंनी आतून वाळकाचं बी आणलं, राखेत घोळलेलं, आणि त्याच्या रुमालात बांधून दिलं. तो नको नको म्हणत होता. "लावा परसात," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेकरायला खाऊ द्या."

रखमाजी गाडीपर्यंत आले. परमेश्वरनं वळणावर मागे पाहिलं. म्हातारा अजून हात जोडून उभा होता. त्याच्या मागे, अंगणात, शिला खाली बसून अंबाडी पाखडत होती. सूप वर जात होतं, खाली येत होतं. तिनं मान वर केली नाही.