डाव्या हाताची किटली

नागासेने प्रूफाचा कागद फलाटावरच्या शीतपेयांच्या यंत्राच्या उजळलेल्या काचेवर पालथा धरला आणि फोन खांद्याने कानाशी दाबला.

"दिसलं," तो म्हणाला. "मिझोबे-सान, आलं लक्षात. काळजीचं काही नाही."

"काळजीचं नाही?" मिझोबेचा आवाज चिरकला. "अहो, नव्या वर्षाच्या चहाच्या डब्यावर आम्ही मढं छापायला निघालोय! मेलेल्या माणसाला नेसवतात तसा, उजवी बाजू वर घेऊन, किमोनो नेसवलाय आजीला. मालकांनी प्रूफ बघितलं आणि नुसते उठून आत गेले. एक शब्द बोलले नाहीत. ते ओरडतात ना, तेव्हा सगळं ठीक असतं. गप्प होतात तेव्हा पंचाईत."

"चित्र उलटं गेलंय, एवढंच. आरशातल्यासारखं. म्हणून गळ्याची उजवी बाजू वर आली. आणि किटली बघा. तीसुद्धा डाव्या हातात आहे. डाव्या हाताने कोण चहा ओततं?"

पलीकडे कागद खसखसला. काचेच्या उजेडात नागासेला चित्र मागून दिसत होतं. ओसरीत बसलेली म्हातारी, पायाशी निखाऱ्यांचं भांडं, पुढे वाकून ती कुणाच्यातरी पेल्यात चहा ओतते आहे. मागून बघितलं की सगळं जागच्या जागी होतं. डावी बाजू उजवीवर, किटली उजव्या हातात.

"खरंच की," मिझोबे जरा नरमला. "म्हणजे नुसतं उलटायचं?"

"एक कळ दाबायची. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे येतं."

"गळा आणि हात, दोन्ही हं. आणि आजच. नाहीतर गेल्या वर्षीची सारसांची जोडी पुन्हा छापायची असं ठरलंय. सारसांना किमोनो नसतो, तेवढाच जिवाला घोर कमी."

गाडीत नागासेला बसायला जागा मिळाली. त्याने डोळे मिटले, पण झोप काही लागली नाही. चित्रकारांना कामं मिळवून देणाऱ्या एका एजन्सीत तो नोकरीला होता आणि त्याच्या वाट्याला आलेल्या चित्रकारांपैकी निम्मे रोज काही ना काही मागत असत. एकाला मुदत वाढवून हवी असे, एकीला गिऱ्हाईक बदलून. चिगुसा कधी काहीच मागत नसे. गेल्या वर्षभरात तर तिने काम घेणंही बंद केलं होतं. "घरी जरा आईचं आहे," एवढंच ती म्हणाली होती.

एजन्सीच्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रकाराच्या नावाखाली 'नवं काम' असा एक रकाना होता. चिगुसाच्या रकान्यात जुनीच चित्रं पडून होती. एजन्सीच्या प्रमुख ओकिता-सान यांनी सोमवारी त्याला बोलावून घेतलं होतं.

"फुलवाल्याने शिळी फुलं पुढे मांडली तर ताजीही शिळी दिसतात," त्या म्हणाल्या होत्या. "चांगली चित्रकार आहे, मला ठाऊक आहे. पण या महिन्यात नवं काही आलं नाही, तर तिचं पान काढायचं. तुम्हाला जमत नसेल तर मी कळवीन."

म्हणून त्याने शिझुओकाच्या या चहावाल्यांकडे चिगुसासाठी शब्द टाकला होता. डबा छापला गेला तर पान राहणार होतं. सारस छापले गेले तर नाही.

चिगुसाचं घर तळमजल्यावर होतं. दारासमोरच्या झाडावर पर्सिमॉनची फळं पिकून लोंबत होती, कुणी उतरवली नव्हती. काही खाली पडून फुटली होती आणि पक्ष्यांनी ती कोरून खाल्ली होती.

"या," दार उघडून ती म्हणाली. "ते सपाते घाला. तेवढा एकच जोड धड आहे." मग त्याच्या हातातल्या खोक्याकडे बघून, "रताळ्याच्या वड्या? म्हणजे बातमी वाईट आहे. चांगली असते तेव्हा तुम्ही रिकाम्या हाताने येता."

"वाईट नाही. किरकोळ आहे."

खोलीत उदबत्तीचा वास होता. टेबल कोपऱ्यात सरकवलेलं होतं, आणि खिडकीखालच्या चटईवर, जिथे ते पूर्वी असायचं, चार खोल खड्डे पडले होते. बरेच महिने जड पलंग ठेवला की पडतात तसे. नागासेने ते पाहिले आणि ओलांडून तो बसला. प्रूफ उलगडून त्याने तिच्यापुढे ठेवलं.

"उलटं गेलंय," तो म्हणाला.

चिगुसाने चष्मा लावला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला.

"तपासताना उलटवलं असणार तुम्ही, आणि परत सरळ करायचं राहिलं. होतं असं. मी त्यांना तसंच सांगितलंय." तो घाईने पुढे म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलंत मला. त्या आरशात."

टेबलामागच्या भिंतीवर तो आरसा अजून होता. नागासे नवा नवा नोकरीला लागला तेव्हा एक चित्र घ्यायला इथे आला होता आणि चिगुसाने त्याला हात धरून आरशासमोर उभं केलं होतं. ज्या सुरात ती शनिवारी गल्लीतल्या मुलांना चित्रकला शिकवायची, त्याच सुरात ती म्हणाली होती: आपला डोळा आपल्याच चुकीला सरावतो. म्हणून चित्र उलटं करून बघायचं. मग तीच चूक परक्याची असल्यासारखी दिसते, आणि परक्याची चूक काय, सगळ्यांनाच लगेच दिसते. तेव्हापासून तोही हाती येणारं प्रत्येक चित्र एकदा उलटं करून बघत असे. आता आरशाची गरज उरली नव्हती, संगणकावर एका कळीत काम होत असे.

"हो," चिगुसा म्हणाली. "उलटंच राहिलं असेल."

ती उठून चहा करायला गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात मातकट लाल किटली होती. ती ओतायला लागली आणि चहा पेल्याबाहेर टेबलावर सांडला. ओघळ प्रूफाच्या कडेपर्यंत गेला. नागासेने कागद उचलला.

"रोजचं आहे हे," फडक्याने पुसत ती म्हणाली. "मनगट उलटं करावं लागतं."

तेव्हा त्याने किटलीकडे नीट पाहिलं. अशा किटलीची दांडी बाजूला असते, उजव्या हाताने धरायला सोयीची. हिची दांडी भलतीकडेच होती.

"ही अशी काय?"

"आईची आहे. डावखुरी ना ती. कुंभाराला सांगून मुद्दाम करून घेतलेली. माझी फुटली, म्हणून आता हिच्याशी भांडत असते."

"आई झोपल्यात का?"

"गेली. मार्चमध्ये."

नागासेचा हात पेल्यावरच राहिला.

"कळवलं नाहीत."

"कळवलं असतं तर तुम्ही फुलं पाठवली असती. मग मला आभाराचं पत्र लिहायला बसावं लागलं असतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तेवढंही अंगात नव्हतं हो."

"आणि मी नव्या वर्षाचं चित्र तुमच्या गळ्यात घातलं. घरात वर्षभराचं सुतक असताना."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं. शिवाय नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं. त्यापेक्षा चित्र काढणं सोपं."

तो उठला. आतल्या खोलीत आईचा फोटो ठेवलेलं लहानसं देवघर होतं. त्याने वड्यांचं खोकं तिथे ठेवलं, उदबत्ती लावली, घंटी वाजवली, हात जोडले. फोटोतला चेहरा ओळखीचा वाटला. मग लक्षात आलं की सकाळपासून तो हाच चेहरा गुंडाळी करून काखेत घेऊन फिरत होता.

तो बाहेर आला तेव्हा चिगुसा संगणकासमोर बसली होती. पडद्यावर चित्र उघडलेलं होतं. नागासे तिच्या मागे उभा राहिला. एक कळ दाबली की झालं, मग सहाची गाडी मिळाली असती.

तिने कळ दाबली नाही. लेखणी उचलली, चित्र मोठं केलं, इतकं की पडद्यावर नुसता म्हातारीचा गळा उरला, आणि राखाडी रंग घेऊन ती वर आलेली उजवी बाजू हळूहळू पुसू लागली.

"नुसतं उलटवलं असतं तर—" तो म्हणाला आणि थांबला.

टेबलावर किटली होती, तिच्याशेजारी प्रूफ. दोन्हीकडच्या दांड्या एकाच बाजूला होत्या.

चित्र कधी उलटं गेलंच नव्हतं.

तो परत येऊन चटईवर बसला. बसताना त्याचा हात एका खड्ड्यात टेकला. त्याने तो काढून घेतला.

"मुलींना किमोनो चितारायला शिकवताना मी सांगते," पडद्यावरून नजर न काढता चिगुसा म्हणाली, "आधी उजवी बाजू अंगाशी. मग तिच्यावर डावी. बरोबर जमलं की नाही ते कसं ओळखायचं? उजवा हात गळ्यातून आत घालून बघायचा. सहज गेला तर बरोबर."

नागासेचा उजवा हात नकळत कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. सहज गेला.

"आई वैतागायची. म्हणायची, तुमची सोय झाली, माझ्या डाव्या हाताने काय करायचं? रुमाल काढायचा म्हणजे निम्मं अंग वळवावं लागायचं तिला. म्हणायची, मी मेल्यावरच माझा हात सोयीने जाईल बघ." ती किंचित हसली. "आजीला असं बोलताना ऐकलं की माझ्या वर्गातल्या मुली खुदखुदायच्या. आई त्यांना मुद्दाम पुन्हा ऐकवायची."

लेखणी चालत राहिली. गळ्याची डावी कड खांद्यावरून खाली उतरली, छातीवरून तिरपी गेली, पट्ट्याखाली शिरली. चिगुसा एक रेघ ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची.

"शेवटचं नेसवलं ते मीच," ती म्हणाली. "विधी करणारा माणूस म्हणाला, घरच्यांनी एकदा हात लावा. ही बाजू वर घ्या, म्हणाला. पण हात तसा वळेना. जन्मभराची सवय. मी दर वेळी जिवंत माणसासारखंच नेसवत होते आणि तो बिचारा दर वेळी हळूच सोडत होता. शेवटी जमलं." तिने चष्मा वर करून डोळे चोळले. "हाताने तेच लक्षात ठेवलं, दुसरं काय. मी आरशात बघितलं होतं हो, नागासे-सान. नेहमीसारखं. चूक दिसलीच नाही. मला वाटलं, आई बसलीय."

त्याने गार झालेला चहा संपवला.

बाहेर अंधारून आलं. एक पर्सिमॉन धप्पकन पडलं. चिगुसाने चित्र लहान केलं आणि म्हातारी पुन्हा अख्खी दिसू लागली. गळा सरळ झाला होता. मघाशी तिच्या बसण्यात काहीतरी निवांत होतं. आता ती कुठूनही उठून आत जाईल, काहीतरी विसरलंय म्हणून पुन्हा बाहेर येईल, अशी दिसत होती.

"आता हात," चिगुसा म्हणाली. "किटली उजव्या हातात हवी ना त्यांना?"

"हो. तसं म्हणालेत ते."

तिने लेखणी म्हातारीच्या डाव्या मनगटावर नेली आणि तिथेच धरली. पुसायला सुरुवात करायची एवढंच राहिलं होतं. मघाशी गळ्यावर न थांबणारा तिचा हात आता हलत नव्हता.

नागासेने फोन काढला.

"मिझोबे-सान, गळा झाला. पाठवतोय."

"आणि किटली?"

"किटली तशीच राहील."

"डाव्या हातात? अहो, तुम्हीच सकाळी म्हणालात, डाव्या हाताने कोण ओततं म्हणून!"

"मी चुकलो. चूक चित्राची नव्हती." तो चिगुसाच्या पाठीकडे बघत होता. ती वळली नाही. "बाई डावखुऱ्या आहेत."

"कोण बाई?"

"चित्रातल्या."

"नागासे-सान, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"त्यांची किटली माझ्यासमोर आहे. दांडी डाव्या हाताची. तशीच काढलीय. मालकांना विचारा. नको म्हणाले तर..." त्याला सोमवारचा ओकिता-सान यांचा चेहरा आठवला. "तर सारस छापा. पण हात बदलणार नाही."

"थांबा," मिझोबे म्हणाला. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. लांबून अस्पष्ट बोलणं, मग काहीच नाही.

चिगुसाने चित्र पाठवून लेखणी खाली ठेवली होती. नागासेने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि तिचा रिकामा पेला पुढे ओढला.

"हॅलो," बऱ्याच वेळाने मिझोबे कुजबुजला. "दाखवलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"गप्प?"

"गप्प. पण उठून आत नाही गेले. तिथेच बसलेत. चित्राकडे बघतायत आणि चहा मागवलाय." तो क्षणभर थांबला. "माझ्या हिशोबाने, चालेल."

नागासेने डाव्या हाताने किटली उचलली. हाताला सवय नव्हती, पण मनगट कुठे वळवावं लागलं नाही. चहा पेल्यात पडला, आणि एक थेंबही बाहेर गेला नाही.