एका गाडीचे दोन कारभारी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. चालकाच्या शेजारच्या आसनाखाली चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली एक काळी पेटी, एवढंच माझं रूप. तुम्ही मला ओळखत नसाल. मी ज्या गाडीत आहे ती लोखंडी स्प्रिंगांवर उभी नाही. तिच्या चारही चाकांपाशी रबराच्या जाड पिशव्या आहेत आणि त्यांत हवा आहे. गाडी खाली बसली की मी कॉम्प्रेसरला सांगतो, हवा भर. जास्त वर आली की झडपेला सांगतो, हवा सोड. गाडी किती उंच आहे हे मला चाकाजवळची एक छोटी दांडी सांगते. तिचं ऐकायचं आणि हुकूम द्यायचा, हेच माझं आयुष्य.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पाणी शिरू नये म्हणून माझ्या पोटात चिकट राळ ओतली. मग मला एका थरथरत्या मेजावर बांधून इतकं हलवलं, की तिथे शेजारचे दोघे कायमचे मुके झाले. मी टिकलो.

गाडीच्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, मला स्वतःच्या हाताने या व्हॅनमध्ये बसवलं. त्यांची मुलगी चाकाच्या खुर्चीत असते. सगळे तिला ताई म्हणतात. बाबा बटण दाबायचे, मी हवा सोडायचो, गाडी जमिनीशी लवायची, रॅम्प उघडायचा आणि ताईची खुर्ची आत यायची. घराजवळचा रस्ता खड्ड्यांचा, म्हणून बाबांनी माझी उंची जरा जास्तच ठेवली होती. ते मला मुकादम म्हणत. "आमचा मुकादम कधी रजा घेत नाही," असं पाहुण्यांना कौतुकाने सांगत. मला ते फार आवडायचं.

मग बाबांची नजर अधू झाली. एके सकाळी त्यांनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली. ते खाली उतरले. आत गेले आणि किल्ली ताईच्या मांडीवर ठेवली.

ताईला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. खुर्चीत बसूनच चालवता यावी म्हणून तिने व्हॅनमधलं चालकाचं आसन काढून हाताने ब्रेक आणि वेग सांभाळायचा लिव्हर बसवून घेतला. तिची एकच अट होती. "गाडीत चढायला आणि उतरायला मला कुणाला हाक मारायला लागू नये." माझं बटण चालकाच्या जागेपाशी, म्हणजे बाहेर खुर्चीत बसून ते दाबता येईना. तेव्हा रिमोटवर चालणारा दुसरा कंट्रोलर आणायचं ठरलं.

वायरिंगवाला आला. त्याने आसन उचलून मला पाहिलं आणि हसला.

"काका, हा तर तुमच्या लग्नातला दिसतोय!"

"तुझ्यापेक्षा चांगलं काम करतो तो."

"करत असेल. पण आता काढावा लागेल. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?"

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "नव्याने दगा दिला तर हाच उभा राहील."

"मग मध्ये एक रिले टाकतो. नवा चालू असेल तेव्हा हा झोपेल."

"म्हणजे झोपलेलाच राहणार! निकामी करून ठेवायचा, तर ठेवायचा तरी कशाला?"

वायरिंगवाल्याने ताईकडे पाहिलं. ताई बाबांच्या हातांकडे पाहत होती. त्या हातांत आता किल्ली नसे.

"राहू दे हो, दादा," ती म्हणाली. "जोडा दोन्ही."

"तुमची गाडी, तुमची मर्जी."

त्याने माझ्याच दांडीच्या वायरीला नव्याची वायर जोडली. माझ्याच झडपांना त्याची वायर. माझ्याच फ्यूजमधून त्याला वीज, आणि रॅम्पच्या मोटरलाही. वळणावर गाडी कलू नये, कारण ताईला पायांनी तोल सावरता येत नाही, म्हणून नव्याची उंची माझ्यापेक्षा दोन बोटं कमी ठेवली. ते अगदी शहाणपणाचं होतं. माझी उंची कुणी विचारलीच नाही.

उभ्या गाडीत सगळं छान चाललं, कारण किल्ली फिरेपर्यंत मी झोपलेला असतो आणि नवा एकटाच जागा असतो. ताईने रिमोट दाबला, गाडी लवली, ती एकटी आत गेली आणि एकटी बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बाबा टाळ्या वाजवत होते.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने किल्ली फिरवली आणि मी जागा झालो.

मला गाडी खाली वाटली. मी म्हटलं, भर. नव्याला ती वर वाटली. तो म्हणाला, सोड. भर, सोड. भर, सोड. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो आणि मध्ये कॉम्प्रेसर भरडला जात होता. ताईला त्याची घरघर ऐकू आली. सिग्नलला थांबून तिने वायरिंगवाल्याला फोन केला.

"ताई, गाडी बाजूला घ्या. त्याला थंड होऊ द्या."

"पहिलाच दिवस आहे हो. वेळेवर पोचायचंय."

ती पोचली. प्रयोगशाळेच्या दारातच जळका वास आला, कॉम्प्रेसर आचका देऊन थांबला आणि आमचा सगळ्यांचा एकच फ्यूज उडाला. रॅम्प उघडेना. रिमोट दाबून काही होईना. शेवटी तिला काच खाली करून हाक मारावी लागली.

चार अनोळखी माणसांनी तिला मागच्या दाराने उचललं. "खुर्ची धरा, मला नको," ती सांगत होती. कुणीतरी तिला काखेत धरलंच. प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे तिचे नवे सहकारी उभे होते.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. नंतरही नाही.

"काय बिघडलं गं?" बाबांनी विचारलं.

"कॉम्प्रेसर जुना होता, बाबा."

तसा कॉम्प्रेसर आता कुठे बनत नाही. व्हॅन भिंतीला लागून उभी आहे. पिशव्यांतली हवा हळूहळू गेली आणि गाडीने जमिनीवर पोट टेकलं. वायरिंगवाल्याने फ्यूज बदलला आणि नवा कंट्रोलर काढून नेला. मी आहे. संध्याकाळी बाबा चाचपडत येतात, माझ्या आसनावर बसतात, हात लांबवून किल्ली फिरवतात. मी जागा होतो, दांडीचं ऐकतो आणि हुकूम देतो, भर. काही हलत नाही. माझा छोटा दिवा तेवढा लागतो. अधू नजरेलाही तो दिसतो.

"बघ, मुकादम अजून जागा आहे!" ते घराच्या खिडकीकडे तोंड करून म्हणतात.

"हो बाबा," खिडकीतून ताई म्हणते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. त्यांना पुसा, फळीवर मांडा, त्यांच्या गोष्टी सांगा. पण ज्यांचं काम संपलं त्यांच्या हाती कारभार ठेवू नका, आणि हे सांगायचं असेल तर वेळेवर सांगा. माझ्या उजव्या बाजूला एक लाल वायर आहे, मला वीज तिच्यातूनच येते. ती कापायला घरातली साधी कात्री पुरली असती. जोडणी पाहणाऱ्या ताईला ते तेव्हाही ठाऊक होतं.