वाऱ्याची बाजू

मित्रांनो, माझी मान डावीकडे कलली आहे, जाळीवर गंजाचे ठिपके पडले आहेत आणि एका पात्याचे टोक मुडपले आहे. मी एक जुना टेबलपंखा आहे. सध्या एका दुरुस्तीच्या दुकानात वरच्या फळीवर बसून असतो. शेजारी एक मुका रेडिओ आहे आणि दांडा तुटलेली इस्त्री आहे. इथे कुणालाच कसली घाई नाही. तेव्हा ज्या घरात माझे सारे आयुष्य गेले, त्या घराची हकिगत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी बूड, तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि वर फिकट हिरवा रंग. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला चालू केले आणि माझ्यासमोर कागदाची एक पट्टी धरली. पट्टी सरळ आडवी उडाली. "याच्यात जोर आहे," त्या म्हणाल्या. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. माझ्या मानेमागे एक खुंटी होती. ती दाबली की मी मान इकडून तिकडे फिरवत सगळ्यांना वारा घालायचो. ती वर ओढली की मान जिथे असेल तिथेच थांबायची. एवढीशी खुंटी, पण पुढे तिच्यावरून एका घरात काय काय झाले, ते ऐका.

मला विकत घेणारा माणूस काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर काम करायचा. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. त्यांची एकुलती एक लेक तेव्हा लहान होती. सगळे तिला चिमणी म्हणत. ती त्या दोघांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तसेच म्हणतो. घर वरच्या मजल्यावर, बाहेरची खोली आणि आतले स्वयंपाकघर, एवढेच. डोक्यावर सरळ गच्ची होती. दिवसभर तापलेली ती गच्ची संध्याकाळी सारी ऊब खाली सोडून द्यायची.

बाबा कामावरून आले की आधी सदरा काढून भिंतीवरच्या खुंटीला टांगत आणि माझ्यासमोर मांडी घालून बसत. त्यांच्या भुवया भट्टीच्या झळीने कायमच्या विरळ झाल्या होत्या. पाठीवरून घामाच्या धारा लागलेल्या असत. थोड्या वेळाने ते डोळे मिटून म्हणत, "आता जीवात जीव आला." शेजारी आले की माझ्या डोक्यावर थाप मारून सांगत, "या घरात सगळ्यात कामाचा कोण असेल तर हा." माझी छाती फुगायची.

आईचे मात्र माझ्याशी पटले नाही. तिला थंडी सोसत नसे. भर उन्हाळ्यात ती पायात मोजे घालून मशीनवर बसायची. तिच्या बोटांची टोके नेहमी गार असत. मी सुरू झालो की तिने बेतून ठेवलेले कापड उडायचे, आणि वारा सरळ तिच्या उजव्या खांद्यात शिरायचा. त्याच खांद्यावर तिचे सारे काम होते.

"जरा तिकडे फिरवा ना त्याला," ती म्हणायची.

"अगं, बाहेर डांबर वितळतंय आणि तुला थंडी वाजते? सगळे मनाचे खेळ आहेत."

"मन माझं असेल. पण दुखतो तो खांदा आहे."

बाबा हसत. ते वाईट नव्हते. त्यांना ते खरेच वाटत नव्हते, एवढेच. जे आपल्या अंगाला जाणवत नाही, ते दुसऱ्याच्या अंगाला जाणवत असेल यावर माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. पाहुण्यांसमोर ते आईला 'आमची थंडीची बाहुली' म्हणत. पाहुणे हसत, आईही हसायची, आणि मग मोजे वर ओढून पुन्हा मशीन चालवू लागायची.

आई माझी खुंटी दाबायची, बाबा वर ओढायचे. तिने पुन्हा दाबली की ते पुन्हा ओढायचे. शब्द कमी आणि ओढाताण जास्त. त्या दोघांत माझी मान तेव्हा कलली ती आजतागायत तशीच आहे.

यावर तोड काढली ती चिमणीने. एका संध्याकाळी तिने मला उचलले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवले. बाबा म्हणाले, "वेडी का काय? भिंतीला उकडतंय का?" ती म्हणाली, "थांबा तर." माझा वारा भिंतीवर आपटला, पसरला आणि मऊ होऊन खोलीभर परत फिरला. बाबांना गार वाटू लागले आणि आईचे कापड जागचे हलेना. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही एकदमच हसले. त्यानंतरचे कितीतरी उन्हाळे सुखाचे गेले. चिमणी रोज संध्याकाळी मला भिंतीपासून नेमक्या अंतरावर ठेवायची. फार जवळ ठेवले तर मी गुदमरायचो, फार लांब ठेवले तर वारा पोचायचा नाही. तिला ते अंतर बरोबर कळायचे.

मुली मोठ्या होतात. चिमणी नर्स झाली आणि दूरच्या शहरातल्या दवाखान्यात नोकरीला लागली. ती गेली आणि मला भिंतीकडे वळवणारे कुणी उरले नाही. युक्ती दोघांनाही ठाऊक होती, अंतरही ठाऊक होते. पण आईला वाटे, वारा त्यांना हवा असतो, त्यांनीच उठावे. बाबांना वाटे, तक्रार हिची आहे, हिने उठावे. मी आपला जिथे होतो तिथे राहिलो.

त्या वर्षी आईने शाळेच्या गणवेशांचे मोठे काम घेतले होते. शाळा उघडायला थोडेच दिवस होते. तिचा खांदा इतका धरला, की हात खांद्याच्या वर जाईना. त्याच दिवशी भट्टीवर बाबांच्या मनगटाला तापलेली काच लागली होती. ते पट्टी बांधून, लागोपाठ दोन पाळ्या करून घरी आले होते.

आई म्हणाली, "आज एक दिवस पंखा बंद ठेवू या का?"

बाबांनी सदरासुद्धा काढला नव्हता. ते म्हणाले, "तुला एवढाच त्रास होतो ना, मग आत झोपत जा."

आईने आपली सतरंजी, उशी आणि रजई उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिने दार मागे लोटून घेतले.

मित्रांनो, बाबांना वाटले होते की दोन दिवसांत राग उतरेल आणि ती बाहेर येईल. आईला वाटले होते की हे हाक मारतील. दोन दिवस गेले, मग आठवडा गेला. मग तिचे शिवणाचे मशीनही आत गेले. भांडण म्हणावे तर आवाज कधी चढला नाही. दूध, किराणा, नळाची गळती, सगळ्यावर ते नीट बोलत. त्या एका गोष्टीवर मात्र अळीमिळी गुपचिळी. चिमणी चार दिवस राहायला आली की आई तिच्याशेजारी बाहेर झोपायची. ती परत गेली की सतरंजी पुन्हा आत जायची. त्यामुळे लेकीला कधी पत्ताच लागला नाही. केस पांढरे झाले, पण मधले ते दार तसेच राहिले. एकदा तर बाबा दारापर्यंत गेलेले मी पाहिले. ते क्षणभर थांबले, मान खाली घातली आणि परत येऊन माझ्यासमोर बसले. आपल्याला वाचा नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले.

मग बाबा निवृत्त झाले. भट्टी सुटली आणि वर्षभरात त्यांचे अंगही आटले. छाती बसली, दंड काठीसारखे झाले. एका दुपारी मी नेहमीसारखा फिरत होतो, तेव्हा त्यांच्या हातांवर काटा आलेला मला दिसला. त्यांनी दाराकडे पाहिले. कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि चादर गळ्यापर्यंत ओढली. मला मात्र त्यांनी बंद केले नाही. माझी घरघर आत ऐकू जायची. ती थांबली तर बायकोला कळेल, की जन्मभर थंडीला हसणारा माणूस आज कुडकुडतोय. पडलो तरी नाक वर, तसला प्रकार. पुढे ते सदऱ्याखाली स्वेटर घालू लागले आणि मी वेगाने फिरतच राहिलो.

आत काय चालले होते तेही मला दिसे. दिवसा ते दार उघडे असायचे. त्या वयात आईच्या शरीरात काहीतरी बदल झाला होता. बसल्या बसल्या तिचा चेहरा लाल व्हायचा, कानशिलांवरून घाम ओघळायचा. ती मशीन थांबवायची, खिडकीपाशी जाऊन उभी राहायची आणि बेतायच्या खाकी कागदाने स्वतःला वारा घालायची. तिने मला मागितले असते तर बाबांनी आनंदाने दिले असते. पण इतकी वर्षे ज्याच्या नावाने बोटे मोडली, त्याला आता कोणत्या तोंडाने मागणार? एका खोलीत गारठलेल्या माणसावर पंखा सोडलेला आणि पलीकडच्या खोलीत उकडलेली बाई कागद हलवते आहे. हसावे की रडावे ते मला कळेना.

एका दुपारी चिमणी न कळवता आली. बाहेरचे दार उघडेच होते. बाबा चादरीत गुरगुटून झोपले होते आणि त्यांच्या उशापाशी मी जोरात चाललो होतो. तिने सवयीने त्यांच्या पायांना हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"बाबा, पाय बर्फासारखे झालेत. पंखा कुणासाठी चालू आहे?"

"सवय गं," ते डोळे न उघडता म्हणाले.

ती आत गेली. "आई, केवढा घाम आलाय तुला."

"काही नाही. स्वयंपाक चाललाय ना, शेगडीची धग लागते."

"शेगडी बंद आहे, आई."

मग तिची नजर कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या सतरंजीवर गेली. उशी, रजई, भिंतीला टांगलेली आईची शाल. "तू इथे झोपतेस? कधीपासून?" आई मशीनवरचे धागे वेचू लागली.

चिमणी बाहेर आली आणि तिने माझे बटण बंद केले. मी हळूहळू थांबलो. इतक्या वर्षांत ती खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी दिवसभर अनोळखी माणसांना विचारत फिरते, थंडी वाजते का, अंग तापलंय का. आणि माझ्या घरात हे कुणी कुणाला विचारलं नाही."

आई दारात येऊन उभी राहिली. बाबा उठून बसले. त्यांनी चादर बाजूला केली, तेव्हा आतला स्वेटर दिसला.

"मला थंडी वाजते," ते म्हणाले.

"कधीपासून?" आईने विचारले.

"काम सुटलं तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलणार? जन्मभर तुला हसलो."

"हसलात त्याचं मला काही नाही," आई म्हणाली. "आत झोप म्हणालात, ते लागलं."

"रागात बोललो गं. हात भाजला होता. मला वाटलं, उद्या येशील. एकदा उठून आलोही होतो दारापर्यंत. म्हटलं, आतून कडी घातली असशील, उगाच कशाला."

आई म्हणाली, "त्या दाराला आतून कडीच नाही. घर घेतलं तेव्हापासून नाही."

बाबांनी तोंड वळवले. चिमणी उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त कमी होते आणि हृदयही थकले होते. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाला उन्हातसुद्धा थंडी वाजते, त्यात लाजण्यासारखे काय आहे? औषधे सुरू झाली. आईचे अंथरूण बाहेर आले. मला तिच्या बाजूला ठेवले गेले. बाबा पलीकडे शाल पांघरून बसायचे आणि तिच्या सुयांमध्ये दोरा ओवून द्यायचे. बऱ्याचदा दोरा चुकायचा. ती वाट पाहायची. ओवून झाला की ते विचारायचे, "उकडतंय का गं?" ती "थोडं" म्हणाली की स्वतः उठून मला चालू करायचे. जरा वेळाने पुन्हा विचारायचे, "आता बरं वाटतं?"

एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, किती वेळा विचाराल? आत्ता तर विचारलंत."

"मागच्या वर्षांचे राहिलेत," ते म्हणाले. "ते विचारतोय."

त्यांना एक उन्हाळा मिळाला आणि एक हिवाळा. पुढचा उन्हाळा लागायच्या आधीच बाबा गेले.

त्यानंतर मी आईसाठी चाललो. ती मला भर वेगात चालवायची. शेजारच्या बाई म्हणायच्या, "आता कसं मोकळं झालं, हवा तेवढा वारा घ्या." आई मान हलवायची. एका दुपारी माझ्या गुंडाळीतून जळका वास आला आणि मी थांबलो. लेकीने छताला नवा पंखा बसवून दिला आणि आईने मला या दुकानात आणून ठेवले. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, की याचे भाग आता मिळत नाहीत. ती म्हणाली, "मग राहू द्या इथेच. भंगारात मात्र घालू नका." माझी जाळी तिने आपल्या रुमालाने पुसली आणि ती दुकानाची पायरी उतरून गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या पंख्यांना तुमच्याकडून फार काही नको असते. जाळीवरची धूळ पुसा आणि अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या, म्हणजे आम्ही पुष्कळ वर्षे चालतो. माणसांना थोडे जास्त लागते. एकाच छताखाली एकाला घाम फुटतो आणि दुसऱ्याला हुडहुडी भरते. दोघांपैकी खोटे कुणीच बोलत नसते. तुमच्या घरातही कुणी खिडकी उघडत असेल आणि कुणी लावत असेल. त्यांच्याजवळ जा आणि कसे वाटते ते विचारा. आणि जे उत्तर येईल ते, तुमच्या अंगाला तसे जाणवत नसले तरी, खरे माना.