एकच चिमूट

"काय ही दशा केलीत हो हिची?" मी दारातूनच ओरडले. दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेले पेशंट वळून माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.

मी शोभेच्या माशांच्या टाक्या धुते. लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेले काय, इकडे ढब्बीचं पार चिपाड झालं. ढब्बी म्हणजे इथली गुबगुबीत गोल्डफिश. आता पोट खपाटीला गेलेलं, डोकं तेवढं मोठं, शेपटी कुरतडलेली. आणि तिच्याभोवती सहा पट्टेरी, चपळ बार्ब मासे नुसते भिरभिरत होते.

"हे मेले कुठून आले?"

"डॉक्टरांनी आणले," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "टाकी रिकामी वाटते म्हणाले."

"अगं, लांब शेपटी दिसली की ओढायची, हाच यांचा धंदा! आणि यांना कोमट पाणी लागतं, हिला गार. ते जाऊ दे. तू हिला खायला घालायला विसरलीस ना?"

"नाही हो मावशी. रोज दोनदा घालते."

"घातलं असतं तर अशी दिसली असती? तोंड वर करून खोटं बोलतेस!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. मी म्हटलं, बार्ब चुकीचे आणलेत. ते म्हणाले, "मासे ते मासेच. खायला घालणं हिचं काम." मग तिच्याकडे वळले. "एक मासा सांभाळता येईना, तू पेशंट काय सांभाळणार? महिनाअखेरीला तुला कायम करणार होतो. आता विचार करावा लागेल." आणि आत निघून गेले.

मुलगी रडली नाही. तिनं माशांच्या खाण्याचा डबा उघडला आणि मनगटावरचं घड्याळ बघत एक चिमूट पाण्यात टाकली. बार्ब तुटून पडले. ढब्बी संथपणे वर वळेपर्यंत सगळं फस्त.

"मग आणखी टाक की!"

"कसं टाकू?" तिनं टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवलं.

झाकणावर कागद चिकटवला होता. 'एकच चिमूट. दोन मिनिटांत उरलेलं काढून टाका. जास्त घालाल तर मासा मरेल.' खाली दोन रेघा. अक्षर माझं. ढब्बी एकटी होती तेव्हा लिहिलेलं.

"तुम्ही लिहिलंय म्हणून कणभरही वाढवलं नाही," ती म्हणाली. "फोन करणार होते. पण म्हटलं, तुमच्याकडे बाळंतपण."

माझा संताप एकदम माझ्याच अंगावर उलटला. बाई, केवढी अक्कल पाजळली होती! टाकीतलंच पाणी टबात घेऊन मी ढब्बीला वेगळं काढलं. चार दाणे भिजवून तिच्या तोंडापुढे सोडले. तिनं एक घेतला, थुंकला, परत घेतला. चार दाण्यांना दहा मिनिटं लागली.

मग मी सरळ आतलं दार उघडलं. खुर्चीत एक आजोबा आ वासून पडले होते.

"डॉक्टर, चूक माझी आहे."

"नंतर बोलू."

"ओरडले सगळ्यांदेखत, तर कबूलही सगळ्यांदेखत करणार. कागद मी लिहिला, बार्ब तुम्ही आणलेत. हिनं आपलं दोघांचं ऐकलं, म्हणून मासा उपाशी राहिला. बार्ब आजच परत जातील. सोबत हवीच असेल तर हिच्यासारखीच संथ गोल्डफिश आणू. तीसुद्धा आधी काही आठवडे वेगळी ठेवून, रोग नाही ना बघून. टाकीही मोठी घ्यायची. आणि या पोरीला कायम करा. नाहीतर टाकी तुम्हीच धुवा."

"बघू."

आजोबांनी तोंडातली नळी उपसली. "बघू काय? करा की! माझा जबडा दुखायला लागला."

"बरं बाबा, केलं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आले तर पोरगी टबाशी उकिडवी बसलेली. दाणा सोडायचा, वाट बघायची. काउंटरमागे तिचा जेवणाचा डबा सकाळी बांधला तसाच होता. तीन वाजून गेले होते.

"हा का उघडला नाहीस?"

"जेवायच्या सुट्टीत माशांचं खाणं बघायचं असतं ना. उरलेलं काढायला. मग लगेच पेशंट येतात."

"रोज?"

तिनं मान डोलावली. बाहीतून तिचं मनगट दिसलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावूनही सैल होता.

"ऊठ आधी," मी ओरडले. "आण तो डबा इकडे."