फाळांची होडी

२०१९ साल होतं. अक्कलकुव्याच्या डोंगरात नर्मदेच्या धरणाचं पाणी शिरून बरीच वर्षं झाली होती आणि कालीबाईचं शेत त्याच पाण्याखाली होतं. त्या साली तिथे चार देशांच्या शिडाच्या होड्यांची शर्यत ठरली. अट एकच, ज्याने त्याने आपली होडी आपल्या हातांनी बांधायची. आपल्या देशाची होडी कालीबाईच्या पाड्याने उतरवायची होती. बांधणार कालीबाईचा दीर गोवाल, सुकाणू धरणार तिची लेक रविना.

गोवालने सागाची देखणी होडी बांधली. पण हाताच्या सवयीने बूड सपाट ठेवलं, ज्वारीची पोती वाहायच्या होडीसारखं. सरावालाच शिडात वारा भरला आणि होडी सगळ्यांदेखत कलंडली. रविना पोहत काठाला आली.

"शर्यत पोहण्याची आहे का गं?" शेजारची म्हातारी नानीबाई म्हणाली.

लोक खदाखदा हसले. रविना घरात जाऊन बसली. "मी परत त्या होडीत पाय ठेवणार नाही."

गोवालने बुडाखाली उभी फळी जोडली. "होडी उलटू नये तर हिच्या पायाशी जड लोखंड हवं, भाभी. शर्यत तर तोंडावर आली."

कालीबाईने लाह बोलावली. लाह म्हणजे घरटी एकाने कामाला यायचं. मजुरी नाही, पोटभर जेवण. माणसं आली, पण लोखंड कुठलं? फाळ घराबाहेर दिला की शेती रुसते, असं पाड्यात मानतात. म्हणून शेतं बुडाली तरी नांगरांचे फाळ घरोघरी जपलेले. कालीबाईने माळ्यावरून नवऱ्याचा फाळ काढला.

"अगं, शेती रुसेल!" नानीबाई ओरडली.

"शेती पाण्याखालीच आहे, नानी. फाळ तिच्याकडेच चाललाय."

नानीबाई उठून गेली, ती आपला फाळ घेऊनच आली. "माझं शेत तुझ्याहून मोठं होतं," म्हणत तिने तो खाली आपटला. मग ढीगच लागला.

रविना दारात उभी होती. "बाबांचा फाळ खाली असेल, तर बसते मी."

शर्यतीला वारा पिसाळला होता. होडी कलली. फाळांनी होडीला पुन्हा उभं केलं. चारांत दुसरी आली! काठावर ढोल थांबेनात.

"पहिलीच आली असती," नानीबाई म्हणाली, "माझ्या शेतावर जरा रेंगाळली."

नानीबाई आता नाही. गोवाल शिडाच्या होड्या बांधतो. सपाट बुडाचं नाव काढलं की लाजतो. रविना काठावरच्या मुलींना शीड धरायला शिकवते. कालीबाई त्यांना त्याच होडीतून पाण्यावर पाठवते, आणि फाळ अजून कोणीही परत मागितलेला नाही.